वाचणाऱ्यानं खेळायचं नाही

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी दर रविवारी सकाळी तमिळ मुलखातल्या आमच्या गावी राजवाड्यामागच्या गल्लीत संगीताची कोडी सोडवायला जात असे. एक निवृत्त शाळामास्तर प्रश्न विचारायचे, आम्ही सहाजण त्यांच्या ओसरीवर बसून उत्तरं द्यायचो. सगळे घरात मराठी बोलणारे, लिहिणारे मात्र तमिळमध्ये. बाकीचे बँकेतले, सरकारी नोकरीतले. माझे वडील मैफलींना माइकसेट भाड्यानं द्यायचे. त्या ओसरीवर मला जागा मिळाली, याचंच मला नवल वाटे.

मास्तरांचं आवडतं कोडं एकच. रागाच्या नावाची पहिली दोन अक्षरं घ्यायची, त्यांचे ठरलेले आकडे उलटे मांडायचे आणि कर्नाटक संगीतातल्या बहात्तर मेळांतला, म्हणजे मूळ रागांतला, त्याचा क्रमांक सांगायचा. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर, आकडे मात्र चौघांचे वेगळे, त्यामुळे बाकीचे अडायचे. मी कॉलेजात संस्कृतच्या तासाला देवनागरी शिकलो होतो. तीन रविवार मीच जिंकलो.

चौथ्या रविवारी बँकेतल्या एका काकांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. धाकट्या पोरांना ते तमिळ रीतीनं तंबी म्हणत.

"काय तंबी, आम्ही बोटं मोजतोय तोवर तुझं उत्तर तयार! स्वप्नात येतं काय?"

सगळे हसले. मग काकांनी झोपाळ्यावर ठेवलेल्या मास्तरांच्या वहीकडे बोट केलं. कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून मास्तर प्रश्न देवनागरीत लिहून ठेवत. आणि सगळ्यांच्या आधी येणारा मी. मास्तर आत पूजेत असत, बाहेर मी आणि ती वही.

"तुला हे वाचता येतं का रे?"

नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. खरं बोललो तर जागा जाणार, हे दिसतच होतं.

"येतं," मी म्हणालो. "पण वही उघडली नाही, काका."

"असंच म्हणणार की!"

मास्तर चष्मा पुसत होते, फार वेळ पुसत होते. त्यांनाही शंका आली होती. शेवटी त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली.

"माझे डोळे आता दमतात. आजपासून प्रश्न तू वाच. वाचणाऱ्यानं खेळायचं नाही."

मी पहिल्यांदाच ती उघडली. आत नुसते प्रश्न होते, उत्तर एकही नव्हतं. मी पान काकांपुढे धरलं. त्यांनी ती न कळणारी अक्षरं वरपासून खालपर्यंत नीट पाहिली.

"यातलं उत्तर कुठलं?" त्यांनी विचारलं.

पुढे कॉलेज संपेपर्यंत मी प्रश्न वाचले. काका अडले की माझ्या ओठांकडे बघत. मला उत्तर ठाऊक असे. मी ओठ मिटून पान उलटत असे.