इरकलीचं कव्हर आणि दोन प्रोसेसर

आमच्या घरात ज्याला म्हणून कव्हर घालता येईल त्याला कव्हर होतं. शिलाई मशीनला, मिक्सरला, फ्रिजच्या हँडलला, इतकंच काय, वडिलांच्या बंद पडलेल्या रेडिओलाही. घर सांगलीत, हळदीच्या पेठेला लागून. दार कितीही घट्ट लावा, संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तूंवर पिवळा थर बसायचाच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून दोन प्रोसेसर शेजारी-शेजारी बसतात असा बोर्ड आणून कॉम्प्युटर जोडला, तेव्हा आईनं सगळ्यात आधी टेप काढून त्याचं माप घेतलं. मी वैतागून सांगितलं, याला झालर-बिलर काही नको. ती गप्प बसली. आई गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा माझा तेव्हा समज होता.

त्या काळात अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींत कुणाची हाक सापडते का हे शोधायचा एक उद्योग सुरू झाला होता. कामाचे तुकडे करून ते जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरना वाटायचे आणि उत्तरं परत गोळा करायची. मी आणि साताऱ्यात प्राध्यापक असलेला माझा कॉलेजातला मित्र, आम्ही दोघं त्यात होतो. त्याच्याकडे इंटरनेट होतं, पण कॉम्प्युटर मरतुकडा. माझ्याकडे साधा फोनही नव्हता, पण प्रोसेसर दोन, आणि तेही कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मी बरेच जास्त पळवत होतो. मग साताऱ्याहून तुकडे फ्लॉपीवर भरून एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचे आणि उत्तरं तशीच परत जायची. मी क्लासवर शिकवायला असायचो, म्हणून स्टँडवर आई जायची. तिनं नुसती फ्लॉपी कधी पाठवली नाही. पिशवीत चटणी, गूळ, काहीतरी असायचंच.

"आवं मावशी, ह्या चपट्या डबीत काय हाय?" कंडक्टर विचारायचा.

"पोराचं काम हाय. उन्हात ठिऊ नगा," आई सांगायची.

प्रोसेसर असा पळवण्यात मशीन जळेल याची मला भीती नव्हती. जळलं तर निदान कळतं. पण तापलेला प्रोसेसर बेधडक चुकीचं उत्तर देतो आणि जणू काही झालंच नाही असा पुढे चालू लागतो. म्हणून आमचा नियम होता, अधूनमधून एकच तुकडा दोघांच्या मशीनवर सोडवायचा आणि उत्तरं जुळवायची. ती जुळेनात. एके दिवशी मित्राचा क्लासवर फोन आला.

"गड्या, परत चुकलं. वेग उतरव, न्हाईतर तुझी उत्तरं मी पुढं पाठवायचा न्हाई."

मला ते फार लागलं. हळदीच्या गल्लीत बसून मी जगाच्या एका कामात होतो, एवढीच एक गोष्ट माझ्याकडे चारचौघांत सांगण्यासारखी होती. मी मोठे पंखे बसवले, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडी ठेवली. ती आईनं पुन्हा लावली. सकाळी तापमान बघावं तर सगळं थंडगार. माझं डोकं तेवढं तापलेलं.

एका संध्याकाळी क्लासच्या भागातली वीज गेली आणि मी लवकर घरी आलो. देवापाशी दिवा लागला होता आणि कॉम्प्युटरवर जांभळं कव्हर होतं. आईच्या जुन्या इरकलीचं, पदराची झालर लावलेलं, पार जमिनीपर्यंत. आत दोन प्रोसेसर जिवाच्या आकांतानं गणितं करत होते. मी हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"आई, हे रोज घालतेस?"

"तू यायच्या आदी काढती की. तुला आवडत न्हाई म्हणून."

"अगं, तो चालू असतो."

"त्येचा काचेचा पडदा तर बंद हाय. आन् घरघर तर फ्रिजबी करतोय." मग रेडिओकडे बघत ती म्हणाली, "ह्याच्यात हळद गेली. तुजं बाबा शेवटच्या दुखण्यात नुस्तं बटण फिरवत पडायचं. तुजंबी ऐकायचंच मशीन हाय म्हणतोस."

मला राग आला होता आणि तो कुठे काढावा हे कळत नव्हतं. रविवारी तो राग घेऊनच मी साताऱ्याला गेलो. दोष कव्हरचा आहे, माझ्या वेगाचा नाही, हे मित्राला तोंडावर सांगायचं होतं. त्याच्या खोलीत पाऊल टाकलं तर तिथेही तेच जांभळं कव्हर, तीच झालर, आणि खाली कॉम्प्युटर चालू.

"मावशीनं धाडलंय, गुळाबरोबर," तो म्हणाला. "माझं तर ह्याच्यातच चालतंय. चुकत न्हाई कधी."

येताना एसटीत मी सगळा रस्ता त्याच्याशी मनातल्या मनात भांडलो आणि हरलो. एका साडीच्या ओझ्यानं ज्याची गणितं चुकतात तो वेग आमच्या गल्लीतला नव्हे. घरी आल्या-आल्या मी दोन्ही प्रोसेसर त्यांच्या मूळ वेगावर आणले. इतके महिने खपून मिळवलेलं एका मिनिटात गेलं. त्याची चिडचिड अजून होते. पुढच्या फेरीला उत्तरं जुळली.

संध्याकाळी आई कव्हर हातात घेऊन दारात उभी राहिली. मी म्हणालो, घाल. तिनं ते घातलं, चारी बाजू सारख्या केल्या आणि झालरीचं एक टोक जरा वर उचललं.

"त्येला आतनं ऐकू येतंय न्हवं?" तिनं विचारलं.

"येतंय," मी म्हणालो.