सोनगीरच्या वाटेवरचा मेंढा

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी बंद होत्या. भाचीच्या लग्नाची तांब्याची भांडी सोनगीरच्या तांबटांकडून आणायची होती. भर वैशाखात धुळ्याहून दमणी (हलकी बैलगाडी) करून मी निघालो.

आग्रा रोडवर ऊन पांढरे झाले होते. एका निंबाखाली ठेलाऱ्यांची (मेंढपाळांची) मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. बाजूला एक दांडगा मेंढा आडवा पडून धापा टाकत होता. एक बाई पदर भिजवून त्याच्या अंगावर पिळत होती.

"नाना, पानी शे का?" तिने आमच्या गाडीवानाला विचारले. आमची कळशी तिने मेंढ्यावर रिती केली. बऱ्याच वेळाने त्याने मान उचलली.

"वाचला," मी म्हणालो.

"वाचना, पन आते कामना नही." (वाचला, पण आता कामाचा नाही.)

असा मेंढा तापला की आषाढ उलटेपर्यंत मेंढी त्याच्यापासून गाभण राहत नाही, असे तिने सांगितले. आषाढात मेंढ्या फळल्या तर कोकरे थंडीत, चारा असताना येतात. तो माज हुकला की पुढचा दिवाळीकडे येतो आणि कोकरे उन्हाळ्यात जन्मतात, तेव्हा आईच्या कासेत दूध नसते. तशी कोकरे तिने स्वतः पुरली होती.

"तुना भाऊकडे मेंढा शे," तिचा नवरा हळूच म्हणाला.

बापाच्या कळपात वाटा मागितल्यापासून सोनगीरच्या भावाने तिच्याशी बोलणे टाकले होते. शेवटी ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमनी गाडीमा बठू का?"

सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तिचा भाऊ लोकर कातत बसला होता. तो उठला नाही.

"कशाले उनी?" (कशाला आलीस?)

"मेंढा मांगाले. मन्या मेंढ्या खाली ऱ्हातीन." (माझ्या मेंढ्या रिकाम्या राहतील.)

चाती फिरत राहिली. मग त्याने बायकोला भाकरी आणायला सांगितले. आम्ही कांदा-भाकर खाल्ली. हात धुऊन तो एक काळा मेंढा घेऊन आला.

"ल्ही जाय. आषाढ लागालोंग सावलीमा ठेवजो." (घेऊन जा. आषाढ लागेपर्यंत सावलीत ठेव.)

वाट्याचा विषय त्याने काढला नाही, तिनेही नाही.

परतताना भांड्यांच्या शेजारी ती मेंढ्याची मान धरून बसली होती. निंबाखाली उतरली, नवऱ्याच्या हाती दोर दिला आणि मेंढरांत शिरली.

धुळ्याला पोचेपर्यंत मी त्या बहीण-भावाचा विचार करत होतो. त्यांचे भांडण मिटले असे मला म्हणवत नाही. पण थंडीत तिच्या कळपात त्याच्या मेंढ्याची काळी कोकरे उड्या मारू लागतील, आणि ती पाहायला तो एकदा तरी येईल, असे मला वाटत राहिले.