लाल कापडातली चार पुस्तकं

भडगावच्या वाचनालयात झाडलोट करणाऱ्या द्रौपदाबाईचा डावा हात कोपरातून वाकडा होता. नवऱ्याने, गुलाबने, हातभट्टीच्या तारेत तो चौकटीत धरून दार आपटलं होतं. हाड जुळलं ते वाकडंच. बाईला वाचता येत नव्हतं, पण छापील कागदाला पाय लागला तर ती तो कपाळाला लावायची.

संदर्भाच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असे. त्यातली पुस्तकं घरी न्यायला मिळत नाहीत, तिथेच बसून वाचायची. एका निवृत्त साहेबांनी दिलेली चार जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्यात होती, चारही वाइनची. द्राक्षं कुठली, पिंप कसलं, चव कशी ओळखायची, असलं सगळं. वाचणारा एकटा अभिमन, गावातला केळी पिकवणारा शेतकरी. वादळात केळीची बाग आडवी झाल्यापासून केळ्यांची वाइन करायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"अक्का, हाई ऐक. पारखी लोके घोट तोंडमा घोळतस, आनि थुकी टाकतस."

"थुकी टाकतस?" द्रौपदाबाई केरसुणी धरून उभीच राहिली. "मंग भाऊ, मना मानूसले धाड ना तठे शिकाले!"

दोघं पोट धरून हसली.

सन एक्क्याण्णवचा दसरा आला. त्या दिवशी वाचनालयात पाटावर पुस्तकं मांडून पूजा होते, कुणी पान उघडत नाही. पोथ्या लाल कापडात बांधताना द्रौपदाबाईने ती चारही बांधली, अन् नेमकी मधोमध ठेवली.

"दारूले कुकू लावस का अक्का?" अभिमनने चिडवलं.

"दारूले नही, अक्षरले." तिने झेंडू वाहिला. अभिमन आपट्याची पानं आणायला गेला. ती एकटीच राहिली.

एरवी कुलपात असणारी पुस्तकं आज बाहेर असतात, हे गुलाबला ठाऊक होतं. तो झोकांड्या खात आत आला. जाड पुस्तकं, रद्दीला जड भरतील. त्याने समई लाथाडली, गठ्ठा उचलला. द्रौपदाबाईने कापडाचं टोक धरलं.

"मरी जासू, पन देवाव नही!"

त्याने तिचे केस धरून डोकं कपाटावर आपटलं. पोटात लाथ घातली. मग तोच वाकडा हात पिरगाळला; कोपर पुन्हा मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. ओढाताणीत कापड सुटलं अन् बाटल्यांची चित्रं उघडी पडली. गुलाब खदखदून हसला.

"दारूना पुस्तकसले फूल वाहस, आनि मले शिव्या देस?" त्याने मूठभर पानं टराटरा फाडली.

पान फाटलं तेव्हा तिच्यात कुठून बळ आलं, देवीला ठाऊक. सगळ्यात जाड पुस्तक तिने उजव्या हाताने उचललं अन् त्याच्या तोंडावर हाणलं. नाक फुटलं. दुसऱ्या घावाला तो खाली बसला. तिसरा जबड्यावर बसला.

"थुक!" ती ओरडली. जन्मात पहिल्यांदा ती त्याच्याशी एकेरीत बोलली. "थुक आते! शिक थुकाले!"

गुलाब थुंकला. रक्त, अन् त्यात दोन दात.

अभिमन पानं घेऊन दारात आला तेव्हा गुलाब पायरीवर तोंड धरून बसला होता. द्रौपदाबाई मोडका हात मांडीवर ठेवून फाटलेली पानं एकेक गोळा करत होती.

"पानना आकडा वाच, भाऊ," ती म्हणाली. "मले क्रम नही लागत."