दुसऱ्या सेंटरची जागा

बास्केटबॉलच्या संघात सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा सर्वांत उंच गडी. नगरच्या कॉलेजात शेवटची दोन वर्षं मी दुसरा सेंटर होतो. पहिला माझ्याहून एक वर्षानं लहान, शहरातला, शाळेपासून खेळलेला. तो दमला किंवा त्याचे फाउल वाढले की सर बाकाकडे बघायचे. बहुतेक वेळा तो दमायचा नाही.

सरावात मात्र मला उसंत नसायची. पुढचा सामना ज्या कॉलेजशी, त्यांच्या सेंटरसारखं मी खेळायचं, म्हणजे आमच्या पोरांना सवय होईल. "आज तू राहुरीचा," सर म्हणायचे. राहुरीचा सेंटर डावखुरा होता, म्हणून मी डाव्या हातानं वळून बॉल टाकायला शिकलो. जमायचं, आणि जमायचं म्हणून आवडायचंही.

बी.ए. झालं आणि मी तिथून सुटलो. आता एम.ए.साठी कुठलंही कॉलेज मला संघात घेऊ शकत होतं. खेळाडू म्हणून घेतलं तर होस्टेल आणि मेस मिळणार होती, आणि त्याशिवाय पुढे शिकणं होणार नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. बोलावणंही कुठून आलं नाही. मला लोकांनी पाहिलं होतं ते बाकावर बसलेलं.

पाथर्डीहून वडिलांचा फोन आला. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. टोळी निघते दसऱ्यानंतर, पण मुकादम पावसाळ्यातच माणसं धरून ठेवतो.

"मुकादम येऊन बसलाय," वडील म्हणाले. "म्हनतो, पोराची उंची लई कामाची हाय. ट्रकवर मोळ्या चढवायला बरा."

मागून मुकादमाचा आवाज आला, "अर्धा कोयता किती दिस ठिवता? लगीन लावा, पुरा करून न्या."

"ऐकलं का?"

"ऐकलं. आण्णा, शनिवारी राहुरीला ट्रायल हाय. तवर थांबा म्हणा."

"तवर थांबवतो. म्होरं न्हाई थांबायचा त्यो."

मग आईनं फोन घेतला. जेवलास का विचारलं, आणि हळूच म्हणाली, "पोरगी बी सांगून आलीय."

राहुरीचा तो डावखुरा सेंटर शिकून बाहेर पडला होता. जागा रिकामी आहे, एवढीच माझी आशा होती. तिथल्या सरांनी हातात बॉल दिला आणि म्हणाले, खेळ. मी बास्केटकडे पाठ करून उभा राहिलो, डाव्या हातानं वळलो, बॉल टाकला. बास्केट झाली. कडेला बसलेली पोरं हसायला लागली.

"सर, दादा परत आले की."

सरही हसले. "हा आमच्या जुन्या सेंटरचा शॉट. आता तुझा दाखव."

बॉल हातात धरून मी आठवत राहिलो. संगमनेरच्या सेंटरचा आठवला, कोपरगावच्याचा आठवला. माझा म्हणावा असा एकही आठवेना. शेवटी मी बॉल दुसऱ्याकडे दिला, बास्केटखाली गेलो आणि समोरच्या गड्याला पाठीनं रेटून जागा धरली. त्याला आत येऊ दिलं नाही. एवढं मला येत होतं.

ट्रायल संपल्यावर सरांनी बाजूला बोलावलं. "पहिला सेंटर आम्ही मनमाडहून आणतोय. दुसरा लागेल. होस्टेल, मेस मिळेल. सामन्यात किती उतरशील ते नाही सांगत."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो.

स्टँडवरून फोन लावला. "घेतलं, आण्णा."

"पयला का दुसरा?"

"दुसरा."

"किती साल?"

"दोन."

"बरं. मुकादमाला सांगतो. दोन सालानी बी त्यो येतोच."

सराव सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी सरांनी मला मधे उभं केलं. पहिला सामना नगरशी, माझ्या जुन्या कॉलेजशी होता. "त्यांचा सेंटर तुला पाठच असेल. आज तू तो."

पाठ होता. आधी बॉल दोनदा आपटायचा, मग उजवा खांदा पाडायचा आणि आत वळायचं. मनमाडचा पोरगा समोर हात पसरून उभा होता. मी बॉल दोनदा आपटला आणि खांदा पाडला.