दुकानातल्या फ्रेममध्ये आई

मंडळी, आज ठाण्यात डिजिटल फोटो फ्रेम घ्यायला गेलेले. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, म्हटलं जुने फोटो त्यात टाकून देऊ.

दुकानात एक फ्रेम चालू होती. त्यात कुणाच्या तरी बारशाचे फोटो. "हे कोण?" विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "माहीत नाही ताई, डेमोचे असतील."

कुणीतरी परत केलेला पीस हा माझ्या गळ्यात मारणार, अशी शंका आलीच. रंग कसे दिसतात ते बघायला मोबाइलमधला आईचा फोटो त्या फ्रेमवर टाकून पाहिला, पण घेताना सीलबंद खोकंच मागितलं. सील दोनदा तपासलं.

डोंबिवलीला घरी आल्यावर ट्यूब पेटली. आईचा फोटो त्या डेमो फ्रेममध्येच राहिलाय.

फोटो सत्त्याऐंशीचा, कोपरीच्या स्टुडिओतला. स्टुडिओवाल्याने न विचारता तो मोठा करून शोकेसमध्ये लावलेला. बाबांना कळल्यावर त्यांनी भांडून उतरवलेला.

घाबरत आईला फोन केला, सगळं सांगितलं. म्हटलं, "उद्याच जाऊन काढते."

ती म्हणाली, "राहू दे गं. तेव्हा उतरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. चार दिवस होता तो तिथे. मी भाजीला मुद्दाम त्या रस्त्याने जायचे."

आता तुम्हीच सांगा. उद्या तो फोटो काढून टाकायला जाऊ, की आईला घेऊन दुकान दाखवायला?