तो शून्य कोणी धरला?

जळगाव जामोदच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, कंडेन्सर विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने मला फसवलं. फ्यूज उडत होते त्याच्या मालामुळे, पण इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरला त्याने पत्र लिहिलं, ‘वायरमनचं काम कच्चं.’ त्या पत्रावर माझं लायसन्स अडकलं. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाजवळ तो एकच कागद होता.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. कपाशीतली सरकी काढणारी मशीनं विजेवर चालू लागली होती. मोटारींचा भार हलका व्हावा म्हणून कंडेन्सरची पेटी लावत. तिच्यात वीज साठते आणि स्विच बंद केला तरी आत राहते. ती उतरावी म्हणून आत एक रेझिस्टन्स असतो. पेटी कंपनीच्या सीलची. उघडायची मला मनाई.

इंजिनिअर सकाळी टेस्ट घ्यायचा. रात्रभरात पेटी आपोआप रिकामी झालेली असे. फ्यूज टिकायचा. दुपारी उडायचा.

मी दोन दिवस कपाशीच्या गंजीवर बसून पाहिलं. रोलरमध्ये कपाशी अडकली की किसना फिटर सगळे स्विच पाडायचा, गुंता ओढायचा आणि लगेच स्विच टाकायचा. फ्यूज जायचा तो तेव्हाच. आत उरलेली वीज आणि बाहेरून येणारी वीज उलट्या भिडल्या की जबर झटका बसतो. दर वेळी नाही, पण दिवसातून दोनदा हमखास.

“काऊन बे किसना, जरासा दम खाता येत नाही?”

“शेटजी डोक्यावर उभे राह्यते ना! मशीन थांबली का त्यायचा जीव जाते.”

शेटजींशी भांडून मी दहा मिनिटं मिळवली. इंजिनिअरलाही उभं केलं. किसनाने सगळं बंद केलं. मी रबरी हातमोजे घातले आणि काठीला बांधलेली तार पेटीच्या दोन टोकांना लावली. फाट्! शेटजी दोन पावलं मागे सरले.

“अरे बाप! सप्लाय तं बंद हाये ना?”

मी इंजिनिअरकडे वळलो. “साहेब, स्विच टाकते वेळी पेटीत किती व्होल्टेज धरलं तुम्ही?”

“शून्य. अर्थात.”

“पेटीले इचारलं होतं का?”

शेटजींनी पेटीचं सील तोडायला लावलं. रेझिस्टन्सच्या जागी दोन रिकामे स्क्रू होते.

कंपनीने रेझिस्टन्स बसवला. मी वर पाटी लावली, ‘बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा.’ फ्यूज पुन्हा उडाला नाही. शेटजींनी इंजिनिअरला चहा पाजला.

सुरुवातीला पेटीत काय आहे ते पाहिल्याशिवाय पुढचं गणित मांडू नये, एवढंच मी शिकलो. पण ते पत्र कोणी मागे घेतलं नाही. कापसाचा उरलेला हंगाम मी लायसन्सशिवाय घरी बसलो. पत्राखाली सही त्या इंजिनिअरची आहे. न पाहता शून्य का धरला आणि माझं नाव का लिहिलं, याचा जबाब त्याने त्याच इन्स्पेक्टरसमोर, माझ्या देखत द्यावा.