विश्वासू कोण?

या ऑनलाइन कम्युनिटीतल्या ख्रिस्ती बंधूंनो, आळेफाट्याच्या सायबर कॅफेत बसून रागातच लिहितोय. गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नका.

माझ्या बायकोला, मार्थाला, अर्धांगवायू झालाय. उजवा हात काहीच धरत नाही. आज दुपारी मंचरहून मंडळी प्रार्थनेला आली. त्यांचा पुढारी चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, तुमचा विश्वास कमी पडतोय. तुम्ही विश्वासू राहा, म्हणजे देव तुम्हाला सोडणार नाही."

मार्थानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

जळालेल्या मोटरींच्या रिवाइंडिंगचं माझं काम मी कुणाच्या हाताखाली न राहता शिकलो. बायबलही तसंच वाचलं, एकेक शब्द तपासून. मी म्हणालो, "पावणं, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, असं लिहिलंय. तुमी उलटं कुठं वाचलं? चहा संपवा अन् उठा."

"लई शहाणा झालास," म्हणत तो उठला. बाकीचे त्याच्यामागे गेले.

मग मार्था अडखळत म्हणाली, "देवानं सोडलं व्हय मला?"

मी तिच्या उजव्या हातात माझा चहाचा कप दिला आणि वरून माझी मूठ आवळली. "तुझी बोटं धरत न्हाईत. कप पडला का?"

"न्हाई," ती म्हणाली. "पण रागानं निम्मा तुमीच सांडलाय."

आणि वाकड्या तोंडानं हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

माझा राग मात्र तसाच आहे. तुम्ही आजाऱ्याच्या घरी जाता ते त्याचा विश्वास मोजायला, की त्याचा कप धरायला?